घेणाऱ्याचं पान

दलाल या प्रकाराबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. दार उघडायचं, "हा हॉल, हे किचन" म्हणायचं आणि लाखामागे हजार खिशात घालायचे. हॉल मला दिसतो. किचनही दिसतं. डोळे माझेच आहेत. बेसाचं घर आम्ही अठरा वर्षांपूर्वी घेतलं, तेव्हा दलालानं घर दाखवल्यावर मी त्याला वगळून परभारे मालकाला गाठलं आणि सौदा केला. त्या हुशारीची गोष्ट मी लग्नाकार्यात रंगवून सांगत असे. माझी बायको यमू, कॉलनीतले तिला यमुताई म्हणतात, ती गोष्ट सुरू झाली की उठून बायकांत जाऊन बसायची.

मी टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची अकरा पत्ता न सापडलेल्या पत्रांच्या विभागात. पाकिटावर "पिठाच्या गिरणीमागे, बंडूचे मामा, नागपूर" एवढंच असलं की ते आमच्या टेबलावर येई. सरकारच्या परवानगीनं ते फोडायचं, वाचायचं आणि कोणाचं आहे ते शोधून काढायचं. लोकांना वाटतं, फार कंटाळवाणं काम असेल. मला पगार मिळाला नसता तरी मी ते केलं असतं. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची खोड मला जन्मजात आहे, नोकरीनं तिच्यावर फक्त सरकारी शिक्का मारून दिला.

गेल्या वर्षी यमूच्या किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, रामदासपेठेतल्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. बेसाहून ऑटोनं जाताना ती बरी असायची. येताना मात्र प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटून घ्यायची आणि घरी पोचल्यावर दोन तास बोलायची नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्नच नव्हता. मी ठरवलं की बेसाचं घर विकायचं आणि दवाखान्याच्या पायथ्याशी फ्लॅट घ्यायचा. यमूला सांगितलं. ती म्हणाली, "पाहा तुमी."

गेटवर "घर विकणे आहे" अशी पाटी लावली आणि दलालांची रीघ लागली. त्यांच्यात एका सकाळी निळ्या स्कूटीवरून सत्यवती आली. पन्नाशीची, ठेंगणी, उन्हानं रापलेली, डोक्यातोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. मागे रोशनी नावाची एक नर्स पोरगी बसली होती. तिला घर हवं होतं, तिच्यासाठी आणि तिच्या आईसाठी.

आपल्याकडे रीत अशी की दलाल दोन्हीकडून घेतो, विकणाऱ्याकडूनही आणि घेणाऱ्याकडूनही. मी रीतीप्रमाणे म्हणालो, "बाई, व्यवहार जमला तर माझ्याकडून एक टक्का."

"नको जी."

"बरं, दीड घ्या."

"काकाजी, तुमचा एक रुपया नको मले. मी हिची मानूस. फी हिच्याकडूनच घेतो."

समोरून आलेले पैसे नको म्हणणारा दलाल मी आयुष्यात पाहिला नव्हता. माझा पहिला विचार असा की यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे. दुसरा विचार असा की काय आहे ते कळल्याशिवाय आता मला जेवण जाणार नाही. मी सवयीनं रोशनीला तिचं पूर्ण नाव विचारलं, तिनं सांगितलं, मी मान हलवली. सत्यवती माझ्याकडे पाहत होती.

मग ती म्हणाली, "आजचा दिवस मी इथं बसली तं चालन का?"

"बसली म्हणजे?"

"बसली म्हणजे बसली. संध्याकाळलोक."

रोशनी ड्यूटीवर निघून गेली आणि ही बाई खरोखरच संध्याकाळपर्यंत आमच्या पोर्चमध्ये डबा घेऊन बसली. बसण्यातही तिचं काम चालू होतं. दूधवाल्याला थांबवून विचारलं, पावसाळ्यात गल्लीत पाणी साचतं का. समोरच्या इस्त्रीवाल्याकडे अर्धा तास गप्पा मारल्या. बॅगेतून पोरांचा खेळायचा काचेचा कंचा काढला आणि न्हाणीघरात सोडून पाहिला, तो मोरीकडे न जाता दाराकडे आला. मी म्हणालो, "थोडा उतार आहे." ती म्हणाली, "हो जी, उलटा आहे."

दुपारी तिनं बॅगेतून तुरीच्या डाळीची पुडी काढली आणि यमूला म्हणाली, "काकू, एक गंज द्या नं. कुकर नको. नळाचंच पानी घ्या."

यमूनं पातेलं काढून दिलं आणि हसायला लागली. मी हसलो नाही, कारण मला पुढचं माहीत होतं. आमच्या बोअरिंगचं पाणी असं खारं की त्यात डाळ कधी शिजतच नाही. अठरा वर्षं आम्ही स्वयंपाकाला विकतच्या पाण्याचे कॅन आणतो आणि त्या दिवशी ते कॅन मी सकाळीच जिन्याखाली चादर टाकून झाकले होते. तासाभरानं सत्यवतीनं एक दाणा बोटांत धरून दाबला. दाणा टणक. यमूनं शांतपणे जिन्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "चादर धुवायची आहे, ओढून आन वं जरा."

घराची किंमत दोन लाखांनी उतरली. मी यमूवर चिडलो, सत्यवतीवर चिडलो आणि त्या रात्री जेवताना पुन्हा चिडलो. यमू म्हणाली, "दलालाचे पैसे वाचवून तुमी हे घर घेतलं होतं. दलाल अशी असती तं घेतलं असतं का?" याला उत्तर होतं, पण ते माझ्या बाजूचं नव्हतं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. सत्यवतीकडे दोनशे पानी वही होती आणि तीत रोशनीच्या नावाचं एक पान होतं. मी चहा देण्याच्या निमित्तानं वाकलो, तशी तिनं वही मिटली. "हे घेनाऱ्याचं पान आहे जी. घेनाऱ्यालेच दाखवतो." पुढे रोशनीनंच मला सांगितलं. घरं दाखवायच्या आधी सत्यवती घेणाऱ्याला समोर बसवते आणि विचारते, तुला घरात काय पाहिजे. किती खोल्या, कोणती दिशा हे नाही. काय पाहिजे. माणूस बोलेल ते ती त्याच्याच शब्दांत लिहिते आणि खाली त्याची सही घेते. रोशनीच्या पानावर पहिली ओळ होती, "रात्रपाळीहून येताना गल्लीत कोणी जागं असावं." म्हणून तर तो इस्त्रीवाला. तो रात्री बारापर्यंत दुकान उघडं ठेवतो.

हे कळल्यावर माझी चैनच गेली. कागदपत्रांच्या झेरॉक्स द्यायच्या निमित्तानं मी हुडकेश्वरला तिच्या घरी गेलो. झेरॉक्स मोबाइलवर पाठवता आल्या असत्या हे तिलाही माहीत होतं, मलाही. दोन खोल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दारात प्लंबिंगच्या सामानाचं पोतं. तिचा नवरा धम्मानंद नळाची तोटी घासत बसला होता. मी सरळच विचारलं, "विकणाऱ्याचे पैसे का घेत नाहीस?"

तिनं आधी चहा दिला. मग म्हणाली, "दोन हजार अकरात आमी घर पाहून राह्यलो होतो. मी तवा विजेची बिलं वाटत होती, सायकलीवर. मानेवाड्याकडं एक घर लय पसंत पडलं. दलाल चांगला होता जी, वाईट मानूस नाही. आमच्याकडून एक टक्का ठरला, मालकाकडून दोन. मालकानं बसवलं, चहा सांगतला. मंग," तिनं नवऱ्याकडे बोट केलं, "यायचं नाव इचारलं. यायनं सांगतलं, धम्मानंद. चहा काही आला नाही."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी दलाल म्हणे, ताई, घर विकलं गेलं. पन त्या गल्लीत बिलं मीच टाकत होती नं. सहा महिने टाकलं त्या घराचं बिल. युनिट शून्य. कुलूप तसंच."

धम्मानंद तोटी घासतच होता.

"मी त्या दलालाले चौकात पकडलं. म्हटलं, काहून खोटं बोलला गा? तो म्हणे, ताई, तिकडून दोन, इकडून एक. मी कोनाचं ऐकू?" सत्यवती हसली. "मले त्याचा राग नाही आला. मले ते पटलं. म्हटलं, धंदा असाच आहे तं घेनाऱ्याचाही एक मानूस पायजे. फक्त त्याचाच. दोन्हीकडून खानारा नको."

नाव विचारून माणूस ओळखायची आपल्याकडची रीत कोणाला समजावून सांगायला नको. मीही रोशनीला पूर्ण नाव विचारलं होतं. घर नाकारणार नव्हतो, पण विचारलं होतं आणि उत्तर ऐकून मान हलवली होती. कशाला हलवली, हे मलाही सांगता आलं नसतं. तिथं बसल्या बसल्या मला लाज वाटली आणि ती लपवायला मी भांडायला सुरुवात केली.

"पण सत्यवती, घेणाऱ्याची आधीच जीभ बाहेर आलेली असते. कर्ज, स्टँप, रजिस्ट्री. त्याच्याच खिशात हात घालायचा हा उरफाटा न्याय नाही का? मालकाला तर पैसे मिळत असतात."

"मालक कुठून देते, काकाजी? घेनाऱ्यानं दिलेल्यातूनच देते. आधीच भाव चढवून ठेवते. नाव मालकाचं, खिसा घेनाऱ्याचा. मी फक्त उघड मागतो."

"आणि म्हणून गिऱ्हाईक पळते," धम्मानंद पहिल्यांदाच बोलला. "दिवसभर बसून ही घर पारखते. मंग फी ऐकली का लोक परभारे मालकाकडं जातात. दहातले सहा."

ती लग्नाकार्यातली गोष्ट मी त्यानंतर कुठेही सांगितलेली नाही.

रोशनीशी व्यवहार झाला. घर रिकामं करायला तिनं आम्हाला दसऱ्यापर्यंत मुदत दिली. आता फ्लॅट शोधायची वेळ आली आणि इथं मला कबूल केलं पाहिजे की सत्यवतीचं म्हणणं मला पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि पन्नास हजार रुपये मोजणं वेगळं. मी गौरांग नावाच्या एका चटपटीत तरुणाला धरलं. त्याच्याकडे मोबाइलमध्ये रामदासपेठेतले सगळे फ्लॅट होते. "काका, बायरला ब्रोकरेज झिरो," तो म्हणाला. "माझं बिल्डर पाहतो." चार दिवसांत त्यानं मला हवा तसा फ्लॅट काढून दिला. तिसरा मजला, दोन लिफ्ट, जनरेटर, गेटवर कॅमेरे आणि दवाखाना चालत सहा मिनिटांवर. मी घड्याळ लावून चाललो होतो. वर त्यानं एक युक्ती सांगितली. फ्लॅट एकट्या काकूंच्या नावावर घ्या, बाईच्या नावावर घेतलं की स्टँप ड्यूटीत एक टक्का सवलत आहे. म्हणजे बावन्न हजार वाचले. मी खूश.

घरी येऊन कराराचा कच्चा कागद यमूपुढे ठेवला आणि म्हणालो, "तुझ्या नावावर घेतोय."

"अस्सं? म्हणजे घेनारी मी?"

"कागदावर."

"कागदावर तं कागदावर," यमू म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

पुढच्या सोमवारी पडद्यांची मापं घ्यायला मी त्या इमारतीत गेलो, तर गेटजवळ निळी स्कूटी. वॉचमनच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर सत्यवती बसली होती. मांडीवर डबा.

"तू इथं कशी?"

"बसली आहे जी."

"कोणासाठी?"

"घेनाऱ्यासाठी."

"घेणारा मी आहे."

"नाही जी. कागद पाह्यला मी. काकू आहेत."

मी मापं न घेताच घरी परतलो. यमूनं भाजी निवडता निवडता सगळं सांगून टाकलं. मी दवाखान्याच्या बिलांच्या रांगेत उभा असताना तिनं रोशनीला फोन करून सत्यवतीचा नंबर घेतला, तिला बोलावलं, पान लिहवून घेतलं, सही केली.

"आणि फी?"

"एक टक्का. माझ्या नावावर घेऊन तुमी वाचवला नं, तोच."

चौतीस वर्षं मी लोकांची बंद पाकिटं फोडली आणि माझ्याच घरात, माझ्याच पैशानं एक पान लिहिलं गेलं, त्याचा मला पत्ता नाही. राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल. त्या पानावर आहे काय? मी यमूला विचारलं. ती म्हणाली, "घेनाऱ्याचं असते ते." मी म्हणालो, मी तुझा नवरा आहे. ती म्हणाली, "असाल नं. मी कुठं नाही म्हणते."

दोन दिवसांनी सत्यवती आली. दोघी स्वयंपाकघरात पाऊण तास कुजबुजल्या. बाहेर येऊन यमू म्हणाली, "ते घर नको."

"का पण?"

"बरोबर नाही."

मी सत्यवतीला गाठलं. "लिफ्ट बिघडते का? पाणी? बिल्डरची काही भानगड?"

"घर एकदम चोख आहे जी. काकूंले सांगतलं मी. तुमाले सांगाचं तं काकू सांगतीन."

घर चोख, तरी नको. हे कोडं मला सुटेना. म्हणून मी माझ्या जुन्या पद्धतीनं गेलो, म्हणजे मागच्या दारानं. त्या इमारतीच्या वॉचमनला चहा पाजला आणि विचारलं, ती बाई दिवसभर काय विचारत होती.

"अजीब बाई है बाबूजी," तो म्हणाला. "पूछती है, सुबह दूध की थैली दरवाजे पे पड़ी रह गई तो कौन देखता है। मैं बोला, कोई नहीं देखता, कॅमेरा है। फिर पूछी, दोपहर में यहाँ कोई किसी के घर बैठता है क्या। मैं बोला, यहाँ तो सब दरवाजे बंद।"

दुधाची पिशवी? आम्ही दूध सकाळी सहाला आत घेतो. चोरीची भीती म्हणावी तर कॅमेरा आहेच. मी परतीच्या वाटेवर बराच वेळ डोकं खाजवत राहिलो.

आठवडाभरात सत्यवतीनं दुसरं घर काढलं, सोमलवाड्यात. जुनी तीन मजली इमारत, तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. रंग उडालेला. आणि दवाखाना ऑटोनं वीस-पंचवीस मिनिटं. मी पायरीवरच म्हणालो, "हे काय? बेसाहून निघालो आणि अर्ध्या वाटेत येऊन बसलो?" समोरच्या दारातून महादेवराव नावाचे एक गृहस्थ बाहेर आले, माझ्याच वयाचे, आणि ओळख न पाळख, त्यांनी मला आत ओढून खुर्चीवर बसवलं. त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एकेक किल्ली.

"ह्या कोणाच्या?"

"बिल्डिंगीतल्या साऱ्यायच्या. एक चाबी माह्याकडं ठेवतेच सारे. माही वरच्या घरी असते, तुमची इथं राहीन."

"आम्ही दोघं असतो घरात," मी म्हणालो. "किल्ली समोर कशाला ठेवायची?"

महादेवरावांनी सत्यवतीकडे पाहिलं. सत्यवतीनं बॅगेतून कंचा काढला आणि त्यांच्याच हॉलच्या फरशीवर सोडला. ती फरशी काही आम्ही विकत घेणार नव्हतो. कंचा जागीच राहिला. पार्किंगमध्ये कॅरम चालू होता, तिथं मला उभं राहायला सांगून ती दोन घरं सोडून असलेल्या पोळीभाजीवाल्या बाईंशी बोलायला गेली. मी दोन डाव पाहिले, तिसऱ्याला बसलो. खरं सांगतो, बरं वाटलं. पण मी तिथं कॅरम खेळायला आलो नव्हतो.

शुक्रवारी डायलिसिसहून आल्यावर यमू पडल्या पडल्या म्हणाली, "सोमलवाड्याचं घ्या."

मग मात्र माझा तोल गेला. चार महिने मी एकाच गोष्टीसाठी वणवण करत होतो, तिचे खड्डे चुकावेत म्हणून. घर विकलं, दोन लाखांवर पाणी सोडलं, सहा मिनिटांवरचा फ्लॅट शोधला आणि ह्या दोघी दुधाच्या पिशव्या मोजत फिरताहेत. मी बराच बोललो. सत्यवती दारात उभी होती, टोकन कधी द्यायचं ते विचारायला आलेली. तिच्यासमोरही बोललो.

यमूनं डोळे उघडले नाहीत. "सत्यवती, दे वं यायले ते पान," ती म्हणाली. "मी सांगते आहे. वाचू दे."

सत्यवतीनं वही उघडून माझ्या हातात दिली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. अक्षर तिचं होतं, बोली यमूची.

"घेणार: यमुताई.

शेजारी बोलका पाहिजे. हे स्वतःहून बोलत नाहीत, पण कोणी सुरू केलं तं दोन घंटे थांबत नाहीत.

सकाळी दूध दारातच राह्यलं तं कोणाला तरी दिसलं पाहिजे.

स्वयंपाकघर लहान चालन. यांना चहाशिवाय काही येत नाही. एका माणसाचा डबा देणारं कोणी जवळ असावं.

जिना नको. यांचे गुडघे गेले आहेत, कबूल करत नाहीत.

दवाखाना दूर असला तरी चालन. त्याचं काम जास्त दिवस नाही."

खाली सही. इंग्रजी नव्हे, मराठीत, बालवाडीत शिकवतात तशा गोल अक्षरांत.

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचल्यावर वाटलं, मी किती ढ माणूस आहे. दुसऱ्यांदा वाचल्यावर यमूचा राग आला, इतका की वही तिच्या अंगावर फेकावीशी वाटली. कोणी विचारलं होतं हिला माझ्या डब्याची काळजी करायला? तिसऱ्यांदा शेवटची ओळ वाचताना अक्षरं दिसेनात. मी चष्मा काढून पुसला. दोष चष्म्याचा नव्हता.

"सत्यवती," मी म्हणालो. "नवीन पान काढ."

ती वळली. "कोनाचं जी?"

"माझं. घेणारा मीही आहे. फ्लॅट दोघांच्या नावानं होईल."

"दोघांच्या नावानं केलं तं सवलत जाते, काकाजी. सवलत एकट्या बाईच्या नावालेच आहे." ती थोडी थांबली. "अन् दुसरं पान म्हंजे फी दुसरी. मी माफ करत नाही."

"मी मागितली का माफी? लिही."

ती जमिनीवर बसली, गुडघ्यावर वही घेऊन. मी सांगितलं, "दवाखाना चालत जाता येईल इतका जवळ पाहिजे. यमूच्या चालीनं, माझ्या नाही." तिनं लिहिलं. पुढची ओळ सांगायची वाट पाहत राहिली. मला दुसरं काहीही सुचलं नाही. मी सही केली. एक टक्का सवलतीचा गेला आणि एक टक्का तिचा वाढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस केली नाही.

सत्यवतीनं दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून वाचली. "हे दोन जुळत नाही जी," ती म्हणाली. "दवाखान्यापाशी सारे बंद दरवाजे. जुळनारं घर असन कुठंतरी, पन बसा लागन. एकेका गेटवर एकेक दिवस. दोन महिने तरी लागतीन."

यमूनं तेव्हा डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लागू दे," ती म्हणाली. "थांबते मी."